टाइलच्या पाठीवरचा थेंब

"ताई, त्या नका भिजवू. त्या पाणी पीत नाहीत."

सकाळी धायरीच्या घरी काम सुरू झालं होतं. बाथरूमच्या सिरॅमिक टाइल मिस्त्रीकाकांनी टबात बुडवल्या होत्या, बारीक बुडबुडे येत होते. मदत म्हणून मी हॉलची व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइलही त्यात सोडायला निघाले.

काकांनी दोन टाइल पालथ्या घातल्या आणि बोटाने एकेक थेंब सोडला. सिरॅमिकवरचा बघता बघता जिरला, गडद डाग उरला. व्हिट्रिफाइडवरचा तसाच, टपोरा. ती जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते, साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, म्हणून तिला अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा खास गोंद लागतो. सिरॅमिक मात्र कोरडी लावली तर मालातलंच, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलंच पाणी ओढून घेते. सिमेंट नीट धरायच्या आत सुकतं आणि पकड जाते.

मग ब्रशने पाठीची पांढरी पूड झाडली, ओल्या फडक्याने पुसली. "भट्टीतली पूड आहे ही. राहिली तर माल पुडीला चिकटतो, टाइलला नाही."

मला आमच्या जुन्या बाथरूमची भिंत आठवली. चार टाइल अलगद हातात आल्या होत्या, मागे सिमेंटचा कणही नव्हता. आम्ही टाइललाच नावं ठेवली होती.

दुपारपर्यंत काका पाठी पुसत होते. एकही टाइल लागली नव्हती. स्क्वेअर फुटामागे दोन रुपये कमी करा म्हणून मीच त्यांच्याशी घासाघीस केली होती. हा अर्धा दिवस त्या दरात आम्ही कुठे धरला होता?