एका ओळीचा डिफ

बुधवार, रात्री

आज अखेर सगळ्या डॉकरफाइली (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं असलेली इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइली) डॉकरएफएमटीतून, म्हणजे त्यांची मांडणी नीट लावणाऱ्या फॉरमॅटरमधून, काढल्या.

गेल्या आठवड्यातला तो रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याच्या बदलाची तपासणी, डोक्यातून जात नव्हता. सहकाऱ्याने एका रन आज्ञेत (इमेज बनवताना चालणाऱ्या पायरीत) छोटासा बदल केला होता आणि जाता जाता इंडेंटेशनही (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) सरळ केलं होतं. डिफमध्ये, म्हणजे बदल दाखवणाऱ्या यादीत, चाळीस ओळी लाल (काढलेल्या), चाळीस हिरव्या (नव्या). मी वरवर चाळून मंजुरी दिली. त्या गर्दीत एका जोड अँपरसँडच्या (&&, आधीची आज्ञा जमली तरच पुढची चालवणारी खूण) जागी सेमीकोलन आला होता. म्हणजे आधीची आज्ञा फसली तरी पुढची चालणार आणि बिल्ड, म्हणजे इमेज बनवण्याचं काम, हिरवाच (यशस्वी) दिसणार. झालंही तसंच. इमेज तयार झाली, पण आत हवी ती लायब्ररीच नव्हती. ती चूक मला दिसायला हवी होती.

फॉरमॅटर अर्थ तपासत नाही, हे मला माहीत आहे. पण मांडणीचा प्रश्न एकदा निकालात काढला की डिफमध्ये फक्त अर्थ उरतो. मला तेवढंच हवं होतं.

हे साधन गो भाषेत लिहिलंय आणि डॉकरच्या इमेज बनवणाऱ्या बिल्डकिटचाच पार्सर (फाइल वाचून तिची रचना ओळखणारा भाग) वापरतं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला. नुसतं चालवलं तर नीट लावलेला मजकूर टर्मिनलवर दाखवतं; राइट पर्याय दिला तरच फाइलीला हात लावतं. लहान अक्षरांतलं फ्रॉम मोठ्या अक्षरांत आलं, अँड-अँडने (&&) जोडलेल्या आज्ञांचं इंडेंटेशन एकसारखं झालं. पॅकेजांची नावं मात्र मी हाताने एकेका ओळीवर घेऊन वर्णक्रमाने लावली. कर्ल हे पॅकेज दोनदा लिहिलेलं सापडलं! किती दिवस तसंच पडून होतं कोण जाणे.

मग बिल्ड चालवला आणि कॅश (न बदललेल्या पायऱ्यांचं आधीचं साठवलेलं काम) पार मोडली. बदलल्या होत्या नुसत्या मोकळ्या जागा, तरी रनच्या पायऱ्या नव्याने धावल्या. थोडं थांबल्यावर उलगडा झाला. बॅकस्लॅशने जोडलेल्या ओळी एक होतात, पण पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा त्या मजकुरात तशाच राहतात. इमेजच्या पायऱ्या दाखवणाऱ्या डॉकर हिस्टरीत त्या दिसतातही. मजकूर बदलला की कॅश बाद. खरी मेख त्याच्या पुढे आहे: पॅकेजांची यादी ताजी करणारं ॲप्ट-गेट अपडेट नव्याने चाललं, आणि ज्या पॅकेजांची आवृत्ती बांधलेली नव्हती ती नव्या आवृत्तीची आली. नुसती मांडणी बदलायची म्हणून हात घातला, आणि इमेजच वेगळी झाली. म्हणून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, मांडणीचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा ठेवला आणि त्याचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, गिट ब्लेमच्या (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या) दुर्लक्ष-यादीत टाकला. ही सोय गिटमध्ये 2019 पासून, 2.23 आवृत्तीपासून आहे. नाहीतर उद्या प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं.

शेवटी सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, डॉकरएफएमटीचा चेक पर्याय लावला. फाइल नीट लावलेली नसेल तर पायरी तिथेच अडते.

गुरुवार

त्याच सहकाऱ्याचा बदल आला. नवं पॅकेज, एक ओळ हिरवी, बाकी काही नाही. वाचली, त्या पॅकेजची गरज का पडली ते विचारलं, उत्तर पटलं आणि मंजुरी दिली.