भरतीची वाट पाहत: चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांसोबत तीन सकाळी

पहिल्या सकाळी माझं गणित चुकलं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणजे पक्षी तेव्हाच भरपूर, असं धरून ऐन ओहोटीला खाडीच्या मुखाशी पोचलो. पक्षी होतेही शेकड्यांनी, पण पार पाण्याच्या कडेला, अर्धा किलोमीटर लांब. 600 मिमीच्या लेन्समधूनही नुसते ठिपके. नऊनंतर चिखलावरची हवा तापून थरथरायला लागली आणि उरलीसुरली स्पष्टताही गेली.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी तीन तास जाऊन बसलो. शिंपल्यांचा घट्ट उंचवटा निवडला, सूर्य पाठीशी ठेवला, प्लास्टिक अंथरून आडवा झालो. पाणी चढू लागलं तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत गेला आणि पक्षी चरत चरत आपणहून जवळ आले. तासाभरात एक चिखल्या (प्लोव्हर, आखूड चोचीचा छोटा पक्षी) माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता. मी जागचा हललोही नव्हतो. जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: पक्ष्यांकडे जाऊ नका, पाणी त्यांना तुमच्याकडे आणतं.

त्यासाठी दिवस नीट निवडावा लागतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. सूर्योदयानंतर दोन-अडीच तासांनी पूर्ण भरती असेल तो दिवस घ्या, म्हणजे कोवळं ऊन आणि चढतं पाणी दोन्ही मिळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पक्षी खूप जवळ येतात, पण चिखल लवकर बुडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत वेळ भरपूर मिळतो, पक्षी मात्र लांबच राहतात.

एकदा पक्षी जवळ आले की कोण कसं खातो हे ओळखता आलं पाहिजे. माझे निम्मे फोटो त्यावाचून वाया गेले. चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो: धावतो, थबकतो, टिपतो. तो थबकला की फोकस डोळ्यावर आणून ठेवायचा, पुढची हालचाल चोच मारण्याचीच असते. गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्याचं तंत्र वेगळं. त्याच्या चोचीच्या टोकाशी संवेदनशील पेशींची दाटी असते. तो चिखलात चोच खुपसून स्पर्शानेच किडे शोधतो, आणि आत असतानाच वरच्या चोचीचं फक्त टोक उचलून भक्ष्य पकडू शकतो. चोच आत असताना शटर दाबत बसलात तर हाती फक्त पाठ लागते. मान ताणून तो चोच ओढू लागला की सलग फोटो सुरू करा. चिखलातून बाहेर येणारा लांबलचक किडा तेव्हाच मिळतो. उचाट्या (वर वळलेल्या चोचीचा) आणि चमच्या (चमच्यासारख्या चोचीचा) हे पक्षी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतात, तिथे झोक्याच्या टोकाला क्षणभर डोकं थांबतं तेव्हा टिपावं.

शटर 1/2000 सेकंदावर ठेवलं, प्रकाश कमी असताना 1/1250 वर. यापेक्षा हळू गेलं तर चोच पुसट होते. काळ्या चिखलावरच्या पांढऱ्या बगळ्याला कॅमेरा हमखास जास्त उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणा. शटरचा आवाज बंद असू द्या.

तिसऱ्या सकाळी एक धोका कळला. मी समोर बघत असताना पाठीमागची घळ पाण्याने भरली होती. गुडघाभर पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून निघालो. त्यामुळे एकट्याने जाऊ नका, परतीची वाट आधी पाहून ठेवा, हातात काठी असू द्या आणि मऊ चिखलात पाय टाकू नका.

पक्षी चरणं थांबवून मान वर करू लागले, डोकं झटक्याने वरखाली करू लागले, की आपण फार जवळ आहोत. तिथेच निश्चल व्हा, किंवा पडल्या पडल्याच मागे सरका. त्यांना उडवू नका, हे मी कळकळीने सांगतो. 2022 मध्ये एक तरुण गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, कुठेही न उतरता उडाला. अशा प्रवासाची चरबी याच चिखलात, एकेका किड्याने साठते. भरती पूर्ण झाली की ते एका पायावर उभे राहून विसावतात. त्या वेळी मी कॅमेरा बाजूला ठेवला, आणि पाणी उतरून ते परत चरायला पांगल्यावरच उठलो.

एक फोटो राहिलाच. लहान बगळा पिवळा पंजा पाण्याखाली थरथरवून मासे उठवतो, तो क्षण. आडवं पडून तो मिळत नाही, पाण्यावर आभाळच चमकतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून, थोडं उंचावरून, पाण्याशी साधारण 37 अंशांचा कोन साधला तर ती चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. पुढच्या खेपेला बसायची जागा तशीच शोधणार आहे.