तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरच्या डब्याचा फायरवॉल होतो का?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतो आणि बोलणं साधारण एकाच चालीवर जातं. "सर, माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर पडलाय. पेंटियम थ्री की फोर असेल. रॅम 256 एमबी. भंगारवाला दोनशे रुपये म्हणतोय. त्यापेक्षा त्याचा फायरवॉल केला तर? पण एवढ्याशा रॅमवर चालेल का हो?"

चालेल. फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि आपली मशीनं यांच्यामधल्या दारावरचा पहारेकरी. त्याच्यासाठी रॅमची चिंता सोडा. चिंता करण्यासारख्या गोष्टी वेगळ्याच आहेत, त्यांच्याकडे येतो.

मी हा उद्योग पहिल्यांदा केला 2006 साली, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत. प्रयोगशाळेत बारा कॉम्प्युटर, नुकतंच आलेलं 256 केबीपीएसचं ब्रॉडबँड आणि भारनियमन इतकं की लाइट कधी असते हे लक्षात ठेवणं सोपं. देणगीत आलेला एक पेंटियम टू कोपऱ्यात पडून होता. रॅम 64 एमबी, आणि हार्डडिस्क खडखड करत केव्हाच वारलेली. हार्डडिस्क नव्हती हे आमचं नशीबच म्हणायचं.

कारण त्यावर मी चढवला मोनोवॉल, जुन्या कॉम्प्युटरचा फायरवॉल करणारं सॉफ्टवेअर. इंग्रजीत लिहिताना त्याच्या नावातल्या दोन्ही 'ओ'च्या जागी शून्यं असत. मॅन्युएल कॅस्पर या स्विस प्रोग्रामरनं 2003 मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आणला. पोटात फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, पण सोलून सोलून इतका बारीक केलेला की 64 एमबी रॅममध्ये सुखानं नांदायचा. सीडीवरून सुरू व्हायचा, सगळाच्या सगळा रॅममध्ये जाऊन बसायचा आणि सेटिंग तेवढी एका एक्सएमएल फाइलमध्ये फ्लॉपीवर ठेवायचा. डिस्कवर काही लिहिणं चालूच नाही, त्यामुळे लाइट धाडकन गेली तरी बिघडायला काही शिल्लकच नसायचं. लाइट आली की दोन मिनिटांत गडी पुन्हा कामावर. स्वित्झर्लंडमध्ये बसून या माणसानं आमच्या भारनियमनासाठीच हे केलं असावं, असं मला तेव्हा वाटायचं. (फ्लॉपी मात्र धुळीनं मरायच्या. दुसरी प्रत मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली.)

आता इतक्या कमी रॅमवर हे भागतं कसं? देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड आठवा. तुम्ही चपला देता, तो बिल्ला देतो, परत आलात की नंबर जुळवतो. आत जाऊन तुम्ही देवाकडे काय मागितलंत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फायरवॉलचं असंच. आतल्या कुठल्या मशीननं बाहेर कुणाशी बोलणं काढलं, एवढीच नोंद तो ठेवतो. बाहेरून उत्तर आलं की नोंद बघतो, जुळली तर आत सोडतो. बिल्ला नसलेला पाहुणा दारातच थांबतो. पीएफ नावाच्या, बीएसडी घराण्यातल्या फायरवॉलमध्ये अशी एक नोंद साधारण एक केबी जागा खाते. म्हणजे दहा हजार जोडण्यांना दहा एमबी. बारा मशीननी प्रत्येकी दोनशे जोडण्या उघडल्या तरी अडीच एमबीच्या आत काम होतं.

रॅम कमी पडते ती स्टँडवाल्याला "प्रत्येकाची पिशवीही उघडून बघ" म्हटल्यावर. सुरिकाटासारखं घुसखोरी हुडकणारं सॉफ्टवेअर, वेब पानं साठवणारा प्रॉक्सी, व्हायरस तपासणी, जाहिराती अडवणाऱ्या लाखालाखांच्या याद्या. हे हवं असेल तर जुना डबा विसरा. नुसतं दार राखायचं असेल तर 256 म्हणजे वाडाच आहे.

आमची पहिली पंचाईत रॅमची नव्हतीच. दोन्ही नेटवर्क कार्डं एकसारखी, त्यामुळे बाहेरची वायर कुठली आणि आतली कुठली हे दर सफाईनंतर उलटसुलट व्हायचं. शेवटी बाईंनी पर्समधली एक लाल टिकली काढली आणि बाहेरच्या कार्डाच्या पट्टीवर चिकटवली. त्यानंतर कुणी चुकलं नाही.

दुसरी पंचाईत एफ-वनची. डब्याला कीबोर्ड लावलेला नव्हता, कशाला लावायचा? मग लाइट आली की मशीन सुरू होऊन "कीबोर्ड सापडत नाही, एफ-वन दाबा" म्हणत अडून बसायचं. नसलेल्या कीबोर्डावरचं एफ-वन. मी वैतागून कीबोर्ड जोडला. तो सापडला, तर आता बोर्डावरची तीन व्होल्टची बॅटरी संपलेली म्हणून बायोसची (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग पुसली जायची आणि पुन्हा एफ-वन. मॉनिटर नाही, म्हणून शिपाईमामांना सांगून ठेवलं: एक शिट्टी वाजली की वरच्या ओळीतलं दुसरं बटण दाबायचं. मामांनी ते काम वर्षभर घंटा देण्याइतक्या निष्ठेनं केलं. मग मला अक्कल आली. पंचवीस-तीस रुपयांची सीआर2032 बॅटरी घातली, बायोसमध्ये कुठल्याही चुकीवर थांबू नको असं सांगितलं, आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू हो असंही. मामांना थोडं वाईट वाटलं असावं.

शाळेचा डबा रात्री बंद असायचा. घरचा फायरवॉल चोवीस तास चालतो, आणि खरा हिशेब इथे आहे. पेंटियम फोरचा डबा मॉनिटरशिवाय सहज 60 वॉट खातो. महिन्याला 43 युनिट. युनिटला दहा रुपये धरा, म्हणजे वर्षाला पाच हजारांच्या वर गेलात, दोनशे रुपयांचं भंगार वाचवायला. तेवढ्यात जुन्या बाजारातला एखादा थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसातला छोटासा कॉम्प्युटर, येतो, जो दहा-पंधरा वॉटवर हेच काम करतो, आणि पंख्याशिवाय. शिकायचं असेल, चार महिने खेळायचं असेल, तर माळ्यावरचाच घ्या. कायमचा बसवायचा असेल तर मी तुम्हाला भंगारवाल्याकडे पाठवीन.

आणि मोनोवॉल शोधू नका. कॅस्परनंच 15 फेब्रुवारी 2015 ला तो थांबवला आणि वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्स या दुसऱ्या फायरवॉलकडे जायला सांगितलं. तेव्हापासून त्याची डागडुजी झालेली नाही. माझा जीव आहे त्याच्यावर, पण दारावर झोपलेला पहारेकरी नको. 2004 मध्ये त्याच्यातून फुटलेला पीएफसेन्स आणि त्यातून निघालेला ओपीएनसेन्स, दोघेही आता अंगानं सुटलेत. पीएफसेन्सनं 2017 च्या 2.4 आवृत्तीपासून 32 बिटची, म्हणजे पेंटियम थ्रीसारखी जुनी, मशीनं सोडूनच दिली. म्हणजे पेंटियम थ्रीला उरतं काय? ओपनडब्ल्यूआरटी, राउटरसाठीची लिनक्स, त्याची पेंटियमसारख्या 32 बिट (एक्स86) मशीनची प्रत. तो जन्मला लिंक्सिसच्या 16 एमबी रॅमच्या राउटरसाठी, काटकसर त्याच्या हाडात आहे. नियम हातानं लिहायची हौस असेल तर ओपनबीएसडी, फ्रीबीएसडीचं भावंड. इतक्या जुन्या बायोसला पेनड्राइव्हवरून सुरू होणं बहुधा जमत नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते हार्डडिस्कच्या केबलला जोडणारा छोटा अडॅप्टर घ्या.

नेटवर्क कार्डाचंही सांगतो. जुन्या डब्यांत बहुतेक रिअलटेक 8139 चिपचं कार्ड निघतं. फ्रीबीएसडीत त्याचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं कोडमध्येच या चिपचा असा उद्धार करून ठेवलाय की वाचून हसू येतं. मला तिनं कधी दगा दिला नाही, पण ती 100 एमबीपीएसची आहे. घरी 300 चं फायबर असेल तर तुम्ही पैसे भरून स्वतःच्याच दारात गतिरोधक बांधताय.

तर फोनवर मी एवढंच म्हणतो: आधी झाकण उघडा. बोर्डावरच्या कपॅसिटरची, म्हणजे छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलीत का बघा, बॅटरी बदला, दुसऱ्या कार्डाला रिकामा स्लॉट आहे का बघा, आणि आत पाल नाही ना याची खात्री करा. बहुतेक जण झाकण उघडायला जातात आणि परत फोन करत नाहीत. जे करतात त्यांना मी टिकलीचं सांगतो.