तुम्ही विचारलंत म्हणून: माळकरी माणसाला लिव्हरचा कॅन्सर कसा झाला

अण्णांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली तरी हा प्रश्न काही थांबलेला नाही. दहाव्याला नदीवर विचारला गेला, मग लग्नाकार्यात, आणि परवा बँकेच्या लाईनीत अण्णांच्याच डेपोतले एक काका भेटले त्यांनी पण तेच विचारलं, "काय गं, तुझे वडील तर माळकरी, मग लिव्हरचा कॅन्सर कसा काय?" बरेच जण काळजीनेच विचारतात, पण काही जण आवाज खाली घेऊन पुढे म्हणतात की कंडक्टर होते ना, मुक्कामी गाडीवर कधीमधी होत असेल. हे ऐकलं की आई उठून आत जाते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

अण्णांनी बाविसाव्या वर्षी आळंदीला जाऊन माळ घातली आणि त्यानंतर ना मटण ना दारू ना तंबाखू. फलटणमधून माऊलींची पालखी जाते तेव्हा आमच्याकडे दरवर्षी वीस-पंचवीस वारकरी जेवायला असायचे आणि पंगतीत वाढायला अण्णा सगळ्यात पुढे. ज्यांच्यामुळे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो त्या कावीळ ब आणि क दोन्ही त्यांना नव्हत्या, त्या तपासण्या झाल्यात, निगेटिव्ह आल्यात. त्यांना होती ती शुगर, 2005 पासून, आणि फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं. त्या फॅटी लिव्हरमधूनच सिऱ्हॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) झाला आणि सिऱ्हॉसिसमधून कॅन्सर. दारूचा एक थेंबही न घेता हे होऊ शकतं.

दुसरा प्रश्न लगेच येतो की पण अण्णा कुठे जाड होते? नव्हतेच. हातपाय काटक, पोट तेवढं जरा पुढे. यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं फार मोठं काम आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला, दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा 22.3, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडची बरीच माणसं अशीच आहेत, दिसायला बारीक पण चरबी आत, पोटात आणि लिव्हरमध्ये. वजनकाट्यावर ती कळत नाही. आणि शुगर असली की काम आणखी बिघडतं कारण इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग अंगातली चरबी सुटून रक्तातून लिव्हरकडे येत राहते आणि वरची साखर पण लिव्हर चरबीत बदलून साठवत राहतं. भारतातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली त्यात मोठ्या माणसांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण साधारण 38 टक्के निघालं, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात कोणीतरी असणार.

पण घाबरू नका, फॅटी लिव्हर आहे म्हणजे कॅन्सर होणारच असं अजिबात नाही. बहुतेकांना होत नाही. लिव्हरवर व्रण नसतील तर वर्षाला हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. धोका खरा वाढतो तो लिव्हर आतून व्रणांनी कडक झालं की. त्या व्रणांना डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात आणि ते सगळीकडे पसरून लिव्हरच्या गाठीगाठी झाल्या की तो सिऱ्हॉसिस, आणि तिथे मग दर वर्षी शंभरात एक-दोघांना कॅन्सर होतो. एक-दोन ऐकायला कमी वाटतं पण दहा वर्षांचा हिशोब करून बघा. आणि हेही सांगायला हवं की फॅटी लिव्हरवाल्या काही जणांना सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर झालेला दिसतो.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते, कारण मला खरं सांगायचंय ते यातच आहे.

आईकडे खाकी कापडाची एक पिशवी आहे, अण्णांची जुनी ड्यूटीची. तिच्यात त्यांचे सगळे रिपोर्ट आहेत, तारखेप्रमाणे लावलेले, कंडक्टरचा हिशोबीपणा होता तो. 2012 ला मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली त्यात पहिल्यांदा आलं, फॅटी लिव्हर ग्रेड टू. डॉक्टर म्हणाले तेल-तूप कमी करा, चालत जा. 2016 ला परत ग्रेड टू. मग 2019 ला सोनोग्राफी झाली तर त्यात फॅटी हा शब्दच नव्हता! 'कोअर्स एकोटेक्स्चर' एवढंच लिहिलेलं. आम्हाला वाटलं चरबी गेली. अण्णा इतके खूश झाले की येताना आईसाठी गजरा आणि घरी सगळ्यांना कंदी पेढे घेऊन आले, स्वतः एकच खाल्ला. तीन वर्षांनी पुण्यात लिव्हरच्या डॉक्टरांनी तोच कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी समजावलं की सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती आहे तेवढंच सांगतो, व्रण किती आहेत ते सांगत नाही. आणि लिव्हर पूर्ण कडक व्हायला लागलं की उलट चरबी कमी दिसायला लागते. कोअर्स म्हणजे खरबरीत. सिऱ्हॉसिसकडे बोट दाखवणारा शब्द होता तो, आणि आम्ही त्या दिवशी पेढे खाल्ले.

दुसरी गोष्ट प्लेटलेट. 2012 ला दोन लाख दहा हजार, 2016 ला एक लाख चाळीस हजार, आणि 2021 च्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा 98 हजार. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली तरी सगळे म्हणाले डेंग्यूच असणार, मग पपईच्या पानांचा रस रोज सकाळी, कडू जहर, अण्णा डोळे मिटून प्यायचे. ताप गेला, प्लेटलेट काही वर आल्या नाहीत, आणि कोणीच विचारलं नाही की का नाही आल्या. लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त पुढे सरकायला अडचण होते, मग पाणथरी म्हणजे स्प्लीन फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणून हळूहळू वर्षानुवर्षं उतरत जाणाऱ्या प्लेटलेट ही लिव्हरची खूण असू शकते. दुखायचं म्हणाल तर लिव्हर आतून दुखतच नाही, त्याला आतमध्ये दुखण्याच्या नसाच नाहीत, वरच्या आवरणाला आहेत, त्यामुळे गाठ मोठी होऊन आवरण ताणलं गेलं तरच कळतं. अण्णांचं एसजीपीटी (लिव्हरची रक्त तपासणी) तर कायम नॉर्मलच यायचं. त्यावरच आम्ही निर्धास्त होतो.

लिव्हरवर व्रण असण्याची शक्यता किती याचा एक साधा हिशोब असतो, फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी (ही पण लिव्हरचीच रक्त तपासणी), आणि जे येईल त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ या गुणाकाराने भागायचं. आकडा 1.3 च्या खाली असला तर बहुतेक काळजी नाही, 2.67 च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचंच. (65 च्या पुढच्या माणसांना खालचा आकडा 2 धरतात.) हा हिशोब काही निदान नाही पण साध्या रक्ताच्या रिपोर्टवर फुकट होतो. अण्णा गेल्यावर एका रात्री मी 2016 चा रिपोर्ट काढून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केला. वय 61, एसजीओटी 52, एसजीपीटी 40, प्लेटलेट 140. आलं 3.58. परत केला, परत तेच. म्हणजे सहा वर्षं आधी त्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. त्या रात्री मला झोप नाही लागली आणि मी आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं? फायब्रोस्कॅन झाला असता, त्यात लिव्हर किती कडक आहे ते मोजतात, सोनोग्राफीसारखाच, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतो. सिऱ्हॉसिस निघाला असता तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपीची, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरची खूण शोधणारी, रक्त तपासणी चालू झाली असती. सहाच महिने का, तर कॅन्सरच्या या गाठी साधारण चार-सहा महिन्यांत दुप्पट होतात, मध्ये जास्त अंतर ठेवलं की हातातून निसटतं. लहान असताना सापडली तर कापून काढता येते किंवा सुई घालून जाळता येते, आणि एकच गाठ 5 सेंटिमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत असतील तर लिव्हर बदलण्याचा पण विचार होतो.

आमची सापडली तेव्हा 7 सेंटिमीटरची होती. 2022 च्या आषाढात अण्णांची भूक गेली, वजन उतरलं, शेजारचे म्हणाले वारीने तब्येत छान बारीक झाली. मग पोटात पाणी झालं आणि पुण्याला नेलं. सीटीच्या पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं, डाय सोडल्यावर आधी गाठ पांढरी लख्ख चमकते आणि मग बाकीचं लिव्हर उजळतं तेव्हा ती काळी पडते, कारण लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं पण गाठ मात्र धमनीवर पोसलेली असते. सिऱ्हॉसिस असेल आणि चित्र असं स्पष्ट असेल तर बऱ्याचदा बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, लागत नाही. (बरेच जण विचारतात सुई लावली म्हणून पसरला का, तर नाही, सुई लावलीच नव्हती.) गाठ पोर्टल व्हेनमध्ये शिरली होती. दादा म्हणाला माझं लिव्हर घ्या, आत्ता घ्या. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आता तो रस्ता नाही.

इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरशी लढवणारी) इंजेक्शनं दर तीन आठवड्यांनी घ्यायची, तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळ्या चालू केल्या. त्याने तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले. खोबरेल लावून हातात सुती मोजे घालायचे. एकादशीला भजनाला बसले, टाळ हातात घेतले आणि दोन अभंगांनंतर खाली ठेवले, मग नुसते मांडीवर हात ठेवून म्हणत राहिले. आठ महिने मिळाले.

आणि त्यांनी काय चुकीचं केलं असंही नाही. उपासाची साबुदाणा खिचडी, ड्यूटीवर दर स्टँडला गोड चहा, सगळेच करतात. मला वाईट याचंच वाटतं की लिव्हर म्हटलं की दारू हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की न पिणाऱ्याला कोणी तपासतच नाही, आणि आजार झाला की त्याच्यावरच संशय. 2023 मध्ये जगभरच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी या फॅटी लिव्हरच्या आजाराचं नाव पण बदललं, आधी नॉन-अल्कोहोलिक म्हणायचे, त्यातला अल्कोहोल हा शब्दच काढला. आपल्या गावापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

दादाचं मात्र केलं. तो 41 वर्षांचा, शुगर बॉर्डरला, आणि अशा आजाराच्या माणसाच्या जवळच्या नात्यात धोका जास्त असतो असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. फॅटी लिव्हर निघालं, पण फायब्रोस्कॅन चांगला आला. वजनाच्या 7 ते 10 टक्के उतरवलं तर लिव्हरची सूज कमी होते आणि थोडेफार व्रण पण भरून येऊ शकतात, म्हणून तो रोज पहाटे माळावर चालायला जातो आणि 78 वरून 72 किलोवर आलाय. चहा सोडून बिनसाखरेची कॉफी घेतो, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो असं अभ्यासात आलंय.

तर बँकेतले ते काका. मी त्यांना हे सगळं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले आमच्या हिलापण शुगर आहे, दहा-बारा वर्षं झाली, आणि फॅटी लिव्हर लिहून आलंय, पण आता म्हणे कमी झालंय. मी विचारलं काकू कधी पीत नाहीत ना, तर हसले. मग विचारलं प्लेटलेट किती आहेत, ते त्यांना माहीत नव्हतं. काल रात्री त्यांनी व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला, तिरका आणि जरा अंधारात काढलेला, मी मोठा करून बघितला. एक लाख अठ्ठावीस हजार. लगेच फोन केला. मंगळवारी सकाळी मी आणि काकू पुण्याला जातोय.