सेवाग्राम: शंभर रुपयांच्या आत बसवायचं घर

नागपूरला लग्न होतं, मधला एक दिवस मोकळा मिळाला म्हणून मित्राला गाडीवर घातलं आणि वर्ध्यावरून सेवाग्राम गाठलं. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, घरच्यांनी वेड्यातच काढलं, पण खरं सांगू का, ही घरं बघायची तर अशाच उन्हात बघावीत.

१९३६ मध्ये गांधीजी इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं (टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं). जमनालाल बजाजांना त्यांनी आधीच लिहून कळवलेलं की झोपडीचा खर्च होईल तितका कमी, आणि काही झालं तरी शंभर रुपयांच्या वर नाही. सामान आसपासचं, हात गावातल्यांचे. आपण याला 'इको-फ्रेंडली' म्हणून मोकळे होतो, पण मुळात ते राजकारण होतं. सिमेंट-लोखंड आणलं की पैसा गावाबाहेर जातो, माती-बांबूचं बांधलं की गावातच फिरतो. पर्यावरण त्यामागून आपसूक आलं.

बापू कुटी, म्हणजे गांधीजींची झोपडी, आधी त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेनची. कुडाच्या भिंती, वर कवेलू (कौलं), खाली सारवलेली जमीन, आणि छपराच्या वळचणी इतक्या खाली उतरलेल्या की ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. पंखा नसताना आत बरं वाटत होतं, बाहेर पाय भाजत होते. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत, बघत राहावीत अशी. साप पकडून लांब सोडायची साधनंसुद्धा ठेवलीयत, मारायचा नाही ना! आणि गंमत म्हणजे याच मातीच्या घरांमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोनं थेट बोलता यावं म्हणून टेलिफोन बसवून घेतलेला.

आता आजचा सरकारी हिशोब बघा. मातीच्या भिंती म्हणजे 'कच्चं घर'. त्या व्याख्येनं बापू कुटी कच्ची, आणि शेजारच्या गावांतली घरकुलं, सिमेंटची, वर पत्रा किंवा स्लॅब, मेमध्ये आत बसवत नाही अशी, ती पक्की! मी हे तावातावानं बोललो तर मित्र म्हणाला, "बावा, दरवर्षी भिंती पोतारायला तू येशील का पुण्याहून? आमच्या आईची कंबर गेली त्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सारवण-पोतारणं बायकांच्याच वाट्याला येतं, हे मातीच्या घरांचं कौतुक करताना आपण सोयीस्कर विसरतो.

म्हणून मला लॉरी बेकर, स्वस्त घरं बांधणारे इंग्रज वंशाचे वास्तुविशारद, जास्त पटतात. चाळीसच्या दशकात ते मुंबईत गांधीजींना भेटले, पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या सामानानं घर बांधावं हा विचार तिथूनच घेतला, पण केरळात जाऊन कुटीची कॉपी नाही मारली. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची, त्यानं विटा साधारण २५ टक्के कमी लागतात, घरही थंड राहतं आणि दरवर्षी सारवायची कटकट नाही.

जाणार असाल तर वर्ध्याहून ८ किमी आहे. आश्रमाच्या आहार केंद्रात जेवून घ्या, आणि शक्यतो दुपारीच जा.