फ्रीआयपीए बसवताना होस्टनेम आणि डीएनएस: माझा अनुभव

मेल सर्व्हरचं नाव चुकलं, तर पोस्टफिक्सच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलून काम भागतं. फ्रीआयपीएत (संस्थेतल्या सगळ्या मशीनची खाती आणि लॉगिन एका ठिकाणी सांभाळणाऱ्या प्रणालीत) तसं नाही. तिथे सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटात, कर्बेरॉसच्या (लॉगिन पडताळणाऱ्या यंत्रणेच्या) कीटॅबमध्ये, म्हणजे गुप्त किल्ल्यांच्या फाईलमध्ये, आणि एलडॅपच्या (खात्यांच्या यादीच्या) नोंदींमध्ये जाऊन बसतं, आणि नंतर ते बदलायची अधिकृत सोय नाही. नव्या नावाची रेप्लिका (सर्व्हरची जुळी प्रत) उभी करायची आणि जुना सर्व्हर काढून टाकायचा, एवढाच मार्ग. रेल्मच (कर्बेरॉसच्या क्षेत्राचं नाव) चुकलं असेल तर सगळं नव्याने. म्हणून अल्मालिनक्स ९ वर हे बसवताना मी इन्स्टॉलरला हात लावण्याआधी नावाचं काम पूर्ण संपवतो.

नाव पूर्ण हवं, म्हणजे डोमेनसकट, आणि सगळं लहान लिपीत. अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, आणि हायफन टोकाला नको. हा नियम १९८५च्या आरएफसी ९५२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातला. तिथे पहिलं चिन्ह अक्षरच लागायचं; १९८९च्या आरएफसी ११२३ने आकडाही चालवून घेतला. दोन टिंबांमधला भाग जास्तीत जास्त ६३ चिन्हांचा, आणि लिनक्स एकूण होस्टनेम ६४च्या पुढे घेत नाही. अंडरस्कोअर मात्र फसवतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) तो विनातक्रार घेतं, डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) तशी नोंदही होते, कारण डीएनएसच्या लेबलवर हे बंधनच नाही. अडतं ते वरच्या सॉफ्टवेअरमध्ये: जावाचा यूआरआय क्लास असं नाव दिल्यावर होस्ट म्हणून नल (रिकामं) परत देतो, जॅंगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क ४०० ही चूक देऊन विनंती परत पाठवतो. डॉकर कंपोजमध्ये (अनेक सर्व्हिसेस एकत्र चालवणाऱ्या साधनात) सर्व्हिसचं नाव अंडरस्कोअर घालून ठेवणाऱ्यांना हा त्रास नेहमी होतो. डॉट भारतवर देवनागरी डोमेन असेल तर ते वेबसाइटला जरूर वापरावं, पण सर्व्हरचं स्वतःचं नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवावं.

डोमेन कोणतं घ्यायचं? डॉट लोकल नको. आरएफसी ६७६२ने २०१३मध्ये ते मल्टिकास्ट डीएनएसला (एमडीएनएस, म्हणजे सर्व्हरशिवाय जवळची मशीन्स नावाने शोधायची पद्धत) देऊन टाकलंय. बऱ्याच डेस्कटॉपवर एनएसस्विच फाईलमध्ये (नाव कुठे कुठे शोधायचं तो क्रम सांगणाऱ्या) एमडीएनएस हे डीएनएसच्या आधी असतं आणि तिथे नाव सापडलं नाही की शोध तिथेच थांबतो. मग थेट डीएनएसला विचारणारी डिग कमांड उत्तर देते, पिंग देत नाही, आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. संस्थेचं सार्वजनिक डोमेन जसंच्या तसं घेणंही वाईट. आयपीएचा (फ्रीआयपीएचा) डीएनएस त्या झोनचा (डोमेनच्या नोंदींच्या संचाचा) मालक होतो, आणि बाहेरच्या डीएनएसवरच्या वेबसाइटची नोंद त्याच्याकडे नसल्याने ऑफिसात बसून स्वतःचीच वेबसाइट उघडत नाही. झोन आधीच अस्तित्वात आहे असं सांगून इन्स्टॉलर इथे थांबतो. त्याला गप्प करणारा पर्याय आहे, पण मी तो वापरत नाही. स्वतःच्या डोमेनखाली एक उपडोमेन घेतो: आयपीए१.लॅन.एक्झाम्पल.कॉम.

आता ईटीसीमधली होस्ट्स फाईल, म्हणजे मशीनवरचीच नावं आणि पत्त्यांची यादी. निम्मी इन्स्टॉलेशन्स इथे अडकतात. ओळ अशी हवी:

१९२.१६८.१०.५ आयपीए१.लॅन.एक्झाम्पल.कॉम आयपीए१

क्रम महत्त्वाचा. आयपीनंतरचं पहिलं नाव हेच खरं नाव, बाकी सगळी टोपणनावं. छोटं नाव आधी लिहिलं की होस्टनेम कमांड एफ पर्याय देऊनही छोटंच नाव दाखवते. डेबियनवाले १२७.०.१.१ची ओळ घालतात, ती इथे अजिबात नको: नाव लूपबॅककडे (मशीनच्या स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्याकडे) जातंय असं दिसताच इन्स्टॉलर काम बंद करतो. क्लाउडवरच्या मशीनवर क्लाउड-इनिट (मशीन सुरू होताना तिची मांडणी करणारा प्रोग्रॅम) रीबूटला होस्टनेम परत बदलू शकतं, म्हणून त्याच्या कॉन्फिगमध्ये प्रिझर्व्ह होस्टनेम ट्रू करून एकदा रीबूट करून बघतो. तपासायला मी डिगच्या आधी गेटएंट (प्रोग्रॅम शोधतात तसंच नाव शोधणारी कमांड) चालवतो. डिग होस्ट्स फाईल वाचत नाही, आणि प्रोग्रॅम मात्र ती वाचतात.

उलटी नोंदही, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, जुळली पाहिजे. १०.१६८.१९२ या उलट्या झोनमध्ये जुन्या मशीनची पीटीआर नोंद राहिलेली असते, आणि इन्स्टॉलर दोन नावं जुळत नाहीत म्हणतो. जुनी नोंद काढावी. तपासणीच बंद करणारा पर्याय देऊन पुढे रेटू नये. कर्नलमध्ये आयपीव्ही६ पूर्ण बंद केलेलं असेल तरी इन्स्टॉलेशन अडतं. पत्ता वापरायचा नसला तरी स्टॅक चालू लागतो.

एवढं जमलं की सर्व्हर आणि डीएनएस ही दोन पॅकेजेस टाकून सेटअप-डीएनएस पर्यायासह इन्स्टॉलर चालवायचा. तिथे फारसं काही उरत नाही. झाल्यावर कर्बेरॉस आणि एलडॅपच्या एसआरव्ही नोंदी (सर्व्हिस कोणत्या मशीनवर आहे ते सांगणाऱ्या) बघायच्या. यांच्या नावात अंडरस्कोअर असतो आणि तो मुद्दाम आहे: होस्टनेममध्ये तो चालत नसल्यामुळेच सर्व्हिसचं नाव खऱ्या मशीनच्या नावाशी कधी भिडत नाही. डीएनएस दुसरीकडे असेल तर आयपीए डीएनएस-अपडेट-सिस्टिम-रेकॉर्ड्स ही कमांड ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता) देऊन चालवावी. लागणाऱ्या नोंदींची यादी मिळते.

क्लायंटलाही पूर्ण नावच हवं. त्यातल्या डोमेनवरून तो आधी सर्व्हर शोधतो. आणि डीएचसीपीमधून (मशीनला पत्ता वाटणाऱ्या सेवेतून) दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ देऊ नये. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) दुसऱ्याकडे पहिल्याने उत्तरच दिलं नाही किंवा सर्व्हरची चूक कळवली तर जाते, पण सिस्टिमडी-रिझॉल्व्हड (नावं शोधणारी सिस्टिमडीची सेवा) एकदा दुसऱ्याकडे वळला की तिथेच राहतो. तिथून आतली नावं नाहीत असं उत्तर येतं, आणि लॉगिन कधी होतं, कधी होत नाही. बाहेरचा डीएनएस आयपीएच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरचे प्रश्न पुढे पाठवायच्या यादीत) लिहायचा, आणि दुसरा म्हणून रेप्लिकेचा पत्ता द्यायचा.