तुम्ही विचारलंत म्हणून: नऊ नंबरची भानगड

"लंडनच्या फुटबॉल क्लबात कोण येणार यावरून कोल्हापुरात बसून तुम्ही का भांडता?" घरी, ऑफिसात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढप्यानं जिलेबी ताटात टाकता टाकता मला हे विचारलंय.

खरं तर कोल्हापूरकराला हे विचारूच नये. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघातला कोण दिलबहार तालमीकडे चाललाय, यावरून हंगामाआधी चहाच्या गाड्यावर आवाज चढलेले मी लहानपणापासून ऐकतोय. लंडनचं आर्सेनल नंतर आलं, खोड जुनीच.

पण गंमत कोण येणार ही बातमी खरी की खोटी यात नसते. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्यात दोन तट होते: आर्सेनलनं नऊ नंबरला, म्हणजे सर्वात पुढे राहून गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या जागी, जर्मनीतल्या लायप्झिगचा शेश्को घ्यायचा, की पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ग्योकेरेस? (स्वीडनमध्ये 'योकेरेश'च्या जवळपास म्हणतात म्हणे. आमच्या कट्ट्यावर ग्योकेरेसच.) मावसभाऊ एकच आकडा घोकायचा, पोर्तुगालच्या लीगमध्ये ३३ सामन्यांत ३९ गोल. "आकडा बघ की भावा!"

मी म्हणायचो, गोल कसे झाले ते बघ. समोरचे डिफेंडर पुढे आलेले, मागे मोकळं रान, आणि त्यात हा गडी बॉल घेऊन सुसाट. आर्सेनलसमोर मात्र निम्मे संघ दहा माणसं स्वतःच्या गोलपाशी उभी करतात. तिथं पळायचं कुठं?

मग मी मँचेस्टर सिटीचा दाखला काढायचो. २०२१-२२ मध्ये हक्काचा स्ट्रायकर नसताना त्यांनी लीगमध्ये ९९ गोल मारले. त्यांच्यात सर्वात जास्त गोल मिडफिल्डर डी ब्रुइनेचे, १५. पुढच्या वर्षी हालांड आला, एकट्यानं विक्रमी ३६ मारले. संघाचे किती? ९४. पाच कमी! इथं मावसभाऊ गप्प बसायचा.

फार वेळ नाही. कारण त्याच वर्षी सिटीनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही घेतले, आणि ते सांगायला तो विसरायचा नाही. बरोबरच आहे. हालांड गोलसमोर उभा राहिला की समोरचे दोन सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधले गडी, त्याच्यापाशी अडकतात. पण तो खाली येऊन पासिंगमध्ये फारसा मिसळत नाही, म्हणून मध्ये माणूस कमी पडतो. ती जागा भरायला सिटीचा कोच ग्वार्डिओलानं स्टोन्सला बचावातून उचलून मिडफिल्डमध्ये आणलं. एक स्ट्रायकर घेतला आणि डिफेंडरचं काम बदललं! मला भांडायला आवडतं ते एवढ्यासाठी. नऊ नंबरवर कोण, हे ठरलं की उरलेल्या दहांचं गणित नव्यानं मांडावं लागतं.

आमचा, म्हणजे आर्सेनलचा, हावर्ट्झ हालांडच्या उलटा. खाली येतो, लांबचे बॉल डोक्यावर घेतो, समोरच्या डिफेंडरला श्वास घेऊ देत नाही. गोल थोडे कमी, म्हणून शिव्या खातो. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याची मांडी गेली, दुसरा स्ट्रायकर जेझुस गुडघ्यामुळे आधीच बाहेर. लेस्टरविरुद्धच्या सामन्यात मेरिनो, म्हणजे चक्क मिडफिल्डर, उशिरा पुढे पाठवला आणि त्यानं दोन गोल ठोकले. त्या रात्री मी "बघा, स्ट्रायकर लागतच नाही" असं म्हणालो होतो. माझे मित्र ते अजून काढतात.

त्या जुलैत ग्योकेरेस आला, ऑगस्टमध्ये शेश्को मँचेस्टर युनायटेडला गेला. मावसभाऊ जिंकला. आता ग्योकेरेस आला म्हणून कडेनं पळणाऱ्या विंगरनं गोलसमोर क्रॉस लवकर टाकायचा की मिडफिल्डर ओडेगार्डची वाट बघायची, यावर परवाच चहा गार झाला.